आसूड कोणाच्या हातचा?

नीरा आणि भीमा या दोन नद्यांचा संगम जेथें होतो तेथें, इंदापूर तालुक्याच्या अगदीं टोंकास, नरसिंहपूर वसलें आहे. पलीकडच्या कांठावर पाऊल ठेविलें कीं पुणें जिल्हा संपून सोलापूर जिल्हा लागतो. येथील लक्ष्मीनरसिंह हें आमच्या घराचें कुलदैवत असल्यामुळें वैशाख शुद्ध चतुर्दशीस, म्हणजे नरसिंहजयंतीस, एखाददुसरें वर्ष टाकून माझें येथें येणें होतें. गेल्या खेपेस दर्शन आटोपून घाटाच्या पायऱ्यांकडे जात असतां वाटेंत एका फेरीवाल्यानें गोणपाटावर मांडलेलें जुनें सामान दिसलें. पितळी कुलुपें, अडकित्ते, एक लंगडी समई, तुटक्या घुंगुरमाळा, आणि या सर्वांच्या खालीं वेटोळें घालून पडलेला एक चामडी आसूड. मीं तो हातांत घेतला तसा विक्रेता म्हणाला, "सरदाराचा चाबूक हाय, गुरुजी. विंचूरकरांच्या वाड्यातला." बाराशें रुपये सांगून त्यानें आठशांवर सौदा तोडला. घरीं आल्यावर मंडळींनीं जी थट्टा केली ती विस्तारानें सांगत नाहीं. विद्यार्थ्यांवर आतां नुसत्या शब्दांचा परिणाम होईनासा झाला काय, हा तिचा मथितार्थ.

विक्रेत्यानें विंचूरकरांचें नांव घेतलें तें उगीच नव्हे. पानिपतच्या (१७६१) रणांतून वांचून आलेले सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकर यांनीं संगमावरील हें देवालय बांधविलें असें सांगतात, आणि या गांवांत कोणत्याहि जुन्या वस्तूस मोठें कुळ लावावयाचें झालें कीं याच नांवाची आठवण होते. देवालय कोणीं बांधविलें तें पुजाऱ्यापासून नावाड्यापर्यंत सर्वांस ठाऊक. तो काळा दगड कोणाच्या छिन्नीनें घडला हें विचारणारा मला अद्याप भेटलेला नाहीं, आणि इतक्या वर्षांत मींहि तें कधीं विचारलें नव्हतें. आसुडाच्या बाबतींत मात्र तो प्रश्न माझ्यापुढें उभा राहिला, आणि तोहि दुसऱ्यानें उभा केला म्हणून.

माझे एक स्नेही बरींच वर्षें अमेरिकेंत राहतात. त्यांना या खरेदीचें छायाचित्र पाठविलें, तर त्यांचें उलट टपालीं एकच वाक्य आलें: "कर्ता कोण?" तिकडे हा प्रश्न स्वाभाविक आहे. मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील वेस्टफील्ड या गांवीं एकोणिसाव्या शतकांत चाबकांचे इतके कारखाने होते कीं त्या गांवास चाबकांचें शहर असेंच नांव पडलें. लंडनच्या स्वेन आणि ॲडिनी या पेढीच्या चाबकांच्या मुठीखालीं धातूची पट्टी असे आणि तिच्यावर पेढीचें नांव कोरलेलें असे. ऑस्ट्रेलियांतील गुराखी कांगारूच्या कातड्याचे चाबूक वापरीत आले आहेत. तें कातडें पातळ असून चिवट असल्यामुळें त्याच्या अगदीं बारीक वाद्या काढतां येतात, आणि एकेका चाबकांत बारा, सोळा, चोवीसहि पेड घालणारे कसबी लोक तेथें झाले व आजहि आहेत. अशा चाबकावर नांव नसलें तरी जाणकार मनुष्य मुठीची गांठ पाहतो, पेड मोजतो, चाबूक निमुळता होतांना एकेक पेड कोठें व कसा सोडून दिला आहे तें बोटांनीं चांचपतो, आणि चित्रांचे पारखी ज्याप्रमाणें कुंचल्याच्या फटकाऱ्यावरून चित्रकार सांगतात त्याप्रमाणें हा अमक्याच्या हातचा असें सांगतो. जुन्या चाबकाची किंमत मग त्या नांवावर ठरते.

येथें आणखी एक मौज सांगण्याजोगी आहे. आपला 'चाबूक' हा शब्द मूळ फारसी. त्या भाषेंत त्याचा अर्थ चपळ, तडफदार. हाच शब्द व्यापाऱ्यांबरोबर मलायी भाषेंत गेला, आणि मलायांतून डच वसाहतवाल्यांबरोबर दक्षिण आफ्रिकेंत जाऊन तेथें 'शॅम्बॉक' झाला. गेंड्याच्या व पाणघोड्याच्या जाड कातड्याचा तो शॅम्बॉक तेथील काळ्या प्रजेच्या पाठीवर किती वर्षें वाजला तें जगास ठाऊक आहे. शब्द इतके प्रवास करतात, आणि ज्या हातांनीं ती वस्तु केली ते हात मात्र गांवच्या वेशींतच राहतात.

आतां आसुडाकडे वळूं. दांडा बाभळीचा, हातभर लांब, मुठीजवळ घामानें काळा व गुळगुळीत झालेला. निम्म्या दांड्यावर चामडें चढविलें आहे, आणि जेथें दांडा संपतो तेथें चामड्याचीच विणलेली लिंबाएवढी गांठ आहे. त्यापुढें सुमारें तीन हात वेणी. ती आरंभीं आठ पेडांची, मग सहा, मग चार, आणि शेवटीं एकच चपटी वादी. वादीच्या टोंकास नायलॉनच्या दोऱ्याचा गोंडा. साध्या गाडीवानाचें काम तीनचार पेडांवर भागतें. आठ पेड घालून ते क्रमाक्रमानें उतरवीत नेणें हें केवळ गरजेचें काम नव्हे. त्यांत कोणाची तरी हौस आहे, करविणाराची किंवा करणाराची.

हा निमुळतेपणा शोभेचा आहे असें मात्र कोणी समजूं नये. आसूड फिरविला म्हणजे मुठीकडून एक लाट वेणींतून पुढें धांवते. पुढें पुढें वेणीचें वजन कमी होत जात असल्यामुळें लाटेचा वेग वाढत जातो आणि टोंकाशीं तो ध्वनीच्या वेगालाहि मागें टाकतो. आपण जो कडाका ऐकतों तो चामड्यावर चामडें आपटल्याचा नसून ध्वनीची मर्यादा ओलांडल्याचा असतो. शास्त्रज्ञांनीं हें छायाचित्रांच्या साहाय्यानें १९२७ च्या सुमारास दाखवून दिलें, आणि त्याचें पुरें गणित तर २००२ सालीं मांडलें गेलें. विमानानें ती मर्यादा १९४७ सालीं ओलांडली. म्हणजे मनुष्यानें केलेली ध्वनीहून वेगवान अशी पहिली वस्तु बैलाच्या पाठीमागें चालणाऱ्या माणसाच्या हातांत होती. कडाका चांगला निघण्यासाठीं पेड कोठें सोडावा हें ज्याला ठाऊक होतें त्याला त्याचें कारण ठाऊक असण्याचें कारण नव्हतें.

सरदारी आसुडाची कथा पहिल्याच पाहणींत निकालांत निघाली. वेणी एके ठिकाणीं उसवली होती. आंत डोकावून पाहिलें तर मधला गाभा ज्या चामड्याचा आहे त्याची कापलेली कड निळसर करडी. बाहेरचे पेड मात्र आरपार तांबूस तपकिरी. हा रंगांतील भेद महत्त्वाचा आहे. आपल्याकडील जुनी कमावणी बाभळीच्या सालीची, तरवडाची आणि हिरड्याची. तिनें चामड्यास तांबूस रंग येतो. क्रोमच्या क्षारांनीं कमावलेलें चामडें आंतून निळसर दिसतें, आणि ती कमावणी आपल्या देशांत आली ती विसाव्या शतकाच्या आरंभीं मद्रासेंत आल्फ्रेड चॅटर्टन यांनीं केलेल्या प्रयोगांपासून. तेव्हां पानिपतचे वीर या आसुडाशीं कांहीं संबंध ठेवूं शकत नाहींत. पोतराजाचा कोरडा म्हणावा तर तो बहुधा जाड पिळाच्या दोरखंडाचा असतो. म्हणजे हा शेतकऱ्याचा किंवा गाडीवानाचा आसूड, गेल्या शंभर वर्षांतला. एवढें ठरलें; परंतु कर्त्याचें काय?

जुन्या गांवगाड्याची व्यवस्था ज्यांना परिचित आहे त्यांच्या ध्यानांत येईल कीं हा प्रश्न आपल्याकडे वाटतो तितका सरळ नाहीं. बैल मेला कीं तो ओढून नेण्याचें काम महारांकडे. कातडें कमावण्याचें काम ढोरांकडे: तें चुन्यांत भिजवून केस काढावयाचे, सालीच्या पाण्यांत मुरवावयाचें, मग त्याचीच पिशवी शिवून तींत सालीचें पाणी भरून ती टांगून ठेवावयाची. त्या चामड्याच्या वहाणा, मोटा आणि वाद्या करण्याचें काम चांभारांकडे. आणि वळणें, पिळणें, विणणें हें मांगांचें: नाडा, सोंदूर, कासरा, दावें यांच्याशिवाय शेती एक दिवस चालली नसती. (हीं नांवें जुन्या कागदांत अशींच येतात म्हणून येथें दिलीं आहेत, आज त्या समाजांतील पुष्कळांस तीं रुचत नाहींत, आणि न रुचण्याचें कारण आपण सर्वजण जाणतों.) आसूड हा चामड्याचा आहे आणि वळलेलाहि आहे. म्हणजे त्याचा दांडा सुताराचा किंवा शेतकऱ्यानें स्वतःच तासलेला धरला तर एका आसुडांत पांच घरांचे हात लागतात, आणि त्यांतील चार घरें गांवकुसाबाहेरचीं अथवा गांवच्या अगदीं कडेचीं. ज्याच्या हातांत आसूड शेवटीं राहतो त्याचें एकट्याचें घर गांवाच्या मध्यावर.

आणि हीं कामें विकत घेतलेलीं नव्हतीं. सुगीला खळ्यावर पेंढ्यांच्या व पायलीच्या रूपानें बलुतें मिळावयाचें, तें कामावर नव्हे, हक्कावर; आणि हक्क घराचा, माणसाचा नव्हे. त्रिंबक नारायण आत्रे यांनीं 'गांव-गाडा' (१९१५) या आपल्या पुस्तकांत ही सर्व व्यवस्था बारकाईनें लिहून ठेविली आहे. आत्र्यांचा रोख कुणब्यावर पडणाऱ्या ओझ्यावर आहे, आणि बलुतेदारांविषयीं त्यांची लेखणी पुष्कळदां कठोर होते. परंतु तें पुस्तक नसतें तर आपल्या आजोबांचें गांव कसें चालत होतें हें आपणांस कळलेंच नसतें. मात्र त्यांतहि बलुतेदार येतो तो जातीच्या नांवानें. चांगला आसूड वळणारा आणि वाईट आसूड वळणारा या दोघांचें बलुतें एकच असेल तर कर्त्याचें नांव लक्षांत ठेवण्याचें प्रयोजन काय? वेस्टफील्डच्या कारखानदाराला नांव हवें होतें, कारण त्याला माल विकावयाचा होता.

कोणी म्हणेल, इंग्रजी अमलांत तर सर्व गोष्टींची नोंद झाली. खरें आहे; आणि इंदापुराइतकी ती क्वचितच दुसरीकडे झाली असेल. मुंबई इलाख्याची सुप्रसिद्ध जमीनमोजणी व आकारणी गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघां अधिकाऱ्यांनीं १८३६ सालीं लागू केली ती प्रथम याच तालुक्यांत. त्याआधीं प्रिंगलसाहेबांनीं बसविलेला सारा इतका भारी ठरला होता कीं लोक जमिनी टाकून निघून गेले होते. ती चूक सुधारण्यासाठीं नवा हिशेब. शेताची प्रत, पाण्याची सोय, बाजाराचें अंतर, पुढें पुढें नांगर, गाड्या, बैल आणि विहिरी यांचीहि मोजदाद झाली. मीं तीं जुनीं छापील बाडें आमच्या ग्रंथालयांत बसून चाळलीं. बैल आहेत, मोटेच्या विहिरी आहेत; ज्याच्याशिवाय बैल जुंपला जात नाहीं आणि मोट भरत नाहीं तो माणूस सारा भरीत नसल्यामुळें कोठेंच नाहीं.

पण कागदावर नांव असणें हें या मुलुखांत सुखाचें होतें असेंहि मी म्हणणार नाहीं. आज बारामती तालुक्यांत असलेलें सुपें हें गांव त्या वेळीं भीमथडी तालुक्यांत होतें. तेथें १२ मे १८७५ रोजीं, बाजाराच्या दिवशीं, भोंवतालच्या शेतकऱ्यांनीं सावकारांचीं घरें व दुकानें लुटलीं. त्या दंग्यांत माणसांच्या जिवावर फारसा घाला आला नाहीं. लोकांचा राग कागदावर होता. खतें, रोखे, वह्या बाहेर काढून त्यांची होळी केली. पुढें आयोग बसला, १८७९ सालीं शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. ज्याचें नांव कागदावर होतें तो तें नांव जाळण्यासाठीं बारा कोस चालत आला होता, ही गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे; मला पुढें तिची आठवण होण्याचा प्रसंग आला.

याच शेतकऱ्याची कैफियत मांडतांना जोतीराव फुल्यांनीं १८८३ सालीं आपल्या पुस्तकास 'शेतकऱ्याचा असूड' हें नांव दिलें. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या 'दीनबंधु' पत्रांत त्याचा आरंभींचा भाग छापला गेला, पुढचा छापण्यास लोखंडे कचरले, आणि जोतीरावांनीं त्याबद्दल त्यांच्यावर कोरडे ओढण्यास कमी केलें नाहीं. आम्ही बी. ए.च्या वर्गांत असतांना तें पुस्तक वाचलें तेव्हां नांवांतील असूड हा आम्हांला केवळ अलंकार वाटला. आज हातांत खरा आसूड धरून विचार करतों तेव्हां त्या निवडीचें मर्म निराळें दिसतें. आसूड ही आपल्या समाजांत वरून खालीं जाणारी वस्तु होती. १८६४ च्या कायद्यानें सरकारनें फटक्यांची शिक्षा नीट कलमवार बांधून दिली, आणि ती स्वतंत्र भारतांत १९५५ सालीं रद्द होईपर्यंत पुस्तकांत राहिली. या उतरंडीच्या तळाशीं बैल. जोतीरावांनीं त्या आसुडाची दिशा उलटी केली, हें त्यांचें धाडस. परंतु तो आसूड शेतकऱ्याच्या हातीं कोणीं वळून दिला होता, तो प्रश्न तेथेंहि उरतोच.

इतकें सर्व वाचून झाल्यावर कर्ता सांपडत नाहीं अशीच माझी समजूत झाली होती, आणि लेख येथेंच संपला असता. माझा एक जुना विद्यार्थी नदीपलीकडच्या भागांत माध्यमिक शाळेंत शिक्षक आहे. त्याच्या कानावर ही गोष्ट गेली तेव्हां तो म्हणाला, "सर, पुस्तकं पुष्कळ झालीं. एका बाबांना दाखवून पाहूं." पावसाळा संपतां संपतां एका रविवारीं आम्ही गेलों. रस्ताभर दोहों बाजूंना ऊंस. नीरेचा डावा कालवा १८८५ च्या सुमारास आला, पुढें १९३० च्या दशकांत वालचंदनगर आणि माळीनगर येथें साखर कारखाने उभे राहिले, आणि ज्या शिवारांत मोटेच्या नाड्याची कुरकुर पहांटेपासून ऐकूं यावयाची तेथें आतां विजेचे पंप आहेत. गळिताच्या हंगामांत ऊंसाच्या बैलगाड्या अद्यापहि दिसतात, पण त्यांच्या गाडीवानांच्या हातीं बहुधा नायलॉनच्या दोरीचा तुकडा असतो.

बाबा पंच्याऐंशींच्या पुढचे. घराण्याचा धंदा चामड्याचा. स्वतः त्यांनीं रापी खालीं ठेविल्यास तीस वर्षें झालीं होतीं. घर पक्कें, दारांत मोटारसायकल, नातू बँकेंत नोकरीस. त्यांनीं आसूड हातांत घेतला, आधीं वास घेतला, मग डोळे जवळजवळ मिटून अंगठा वेणीवरून टोंकापर्यंत नेला. मीं मोठ्या उत्साहानें माझे निष्कर्ष सांगितले. दोन पेडांच्या कडेला सारख्या अंतरावर बारीक भोंकांची ओळ आहे, ती मला शोभेची वाटली होती. बाबा हंसले. "भोकं शोभेची न्हाईत, गुरुजी. मोटेच्या शिवणीची हाईत. मोट फाटली की टाकत नव्हते. धड कातडं राहिलं तेवढ्याच्या वाद्या निघायच्या. लय पाणी पिल्यालं आन् लय तेल पिल्यालं कातडं, म्हणून तर अजून नरम हाय." मला क्रोमचा निळसर गाभा दिसला होता, पण बाहेरचें चामडें एके काळीं विहिरींतून पाणी काढीत होतें, हें बी. ए., एम. ए. होऊनहि दिसलें नव्हतें.

दुसरें निरीक्षण मीं जरा भीतभीतच पुढें मांडलें. चामड्याची वेणी घालणारा प्रत्येक वादी चपटी बसवितो. या आसुडांत प्रत्येक वादीला किंचित् पीळ आहे. वाळतांना आपोआप पडला असावा असें माझें मत. शिवाय वेणीचा कल नेहमींच्या उलट, डावीकडे. तेव्हां कर्ता डावखुरा असला पाहिजे. बाबांनीं मान हालविली. "पीळ वाळून पडत न्हाई. दोर वळणाऱ्याच्या बोटांना खोड असती. हातात काय बी द्या, आधी पीळ घालणार." मग थोडें थांबून म्हणाले, "आन् डावरा नव्हता तो. बापाच्या शेजारी बसून शिकलं की हात बापासारखा पडतो. समोर बसून शिकलं की उलटा पडतो. आरशागत. हा समोर बसल्याला."

आम्हीं विचारलें, समोर कां बसला? बाबा बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. नातवानें चहा आणला तो तसाच निवत राहिला. मग त्यांनीं जें सांगितलें त्याचा सारांश असा. त्यांच्या लहानपणीं त्यांचे वडील घरच्या ओसरीवर बसून काम करीत. गल्लीच्या पलीकडे एका दगडावर दोर वळणाऱ्या घरांतला एक पोर येऊन बसे. सकाळीं येई, दुपारपर्यंत बघत राही. घरून आणलेल्या अंबाडीच्या दोऱ्या घेऊन, इकडे जसा हात चाले तसा तिकडे चालवी. त्याला ओसरीवर कोणी बोलाविलें नाहीं. ज्यांना स्वतःला गांवच्या ओसरीवर प्रवेश नव्हता त्यांचीहि एक ओसरी होती, आणि तिच्यावर त्या पोराला प्रवेश नव्हता. तीन वर्षें तो समोर बसून शिकला. पुढें त्याचे आसूड दोन तालुक्यांत जाऊं लागले. बाबांचे वडील त्याची वेणी पाहून म्हणत, आपलीच हाय, पण उलटी. बाबांनीं त्या माणसाचें नांवहि सांगितलें, आणि तें सांगतांना त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट आदर होता.

इतिहासाच्या अभ्यासकानें एका साक्षीदाराच्या तोंडच्या हकीकतीवर किती विसंबावें हें मला ठाऊक आहे. पंच्याऐंशी वर्षांच्या माणसाची सत्तर वर्षांपूर्वींची आठवण. तींत कांहीं गळलें असेल, कांहीं भरलें असेल. दुसरा कोणी समोर बसून शिकलाच नसेल असेंहि नाहीं. परंतु मोटेचें जुनें चामडें, गाभ्यांतला क्रोमचा तुकडा, दोर वळणाऱ्याचा पीळ आणि उलटी वेणी या चारहि गोष्टी त्या हकीकतीशीं जुळतात, आणि मीं विद्यार्थ्यांस याहून दुबळ्या पुराव्यावर राजांच्या कारकीर्दी शिकविल्या आहेत. वर मीं पांच घरांच्या हातांची जी मांडणी केली ती खोटी नव्हती. पण ती जातींची मांडणी होती, आणि हा आसूड त्या मांडणींत बसत नाहीं. दोर वळणाऱ्यानें चामडें हातीं घेऊं नये हा नियम होता. तो एका पोरानें गल्लीच्या रुंदीएवढ्या अंतरावरून मोडला, आणि तें अंतर वेणींत उलटें उमटून राहिलें.

मीं टांचण काढून नांव लिहूं लागलों तसा बाबांनीं हात वर केला. "लिहू नका." मला वाटलें, त्या माणसाच्या वारसांस धंद्याची लाज वाटेल म्हणून. तें कारण मला समजण्यासारखें होतें. १९२७ सालीं महाडास बाबासाहेबांनीं मेलेलीं गुरें ओढणें सोडा म्हणून सांगितलें. १९२८ सालीं वतनाच्या कायद्यांत दुरुस्ती व्हावी म्हणून त्यांनीं कायदेमंडळांत विधेयक आणलें. १९५८ च्या कायद्यानें गांवकीचीं कनिष्ठ वतनें अखेर गेलीं. ज्या कामांतून सुटण्यासाठीं दोन पिढ्या झगडल्या त्याच कामाचें प्रशस्तिपत्र तिसऱ्या पिढीच्या दारावर कोणी चिकटवूं लागला तर ती नको म्हणेल. मीं तसें बोलून दाखविलें. बाबा म्हणाले, "त्यांचं त्यांना विचारा. ती पोरं चांगली शिकलीत, आजाचं नाव आवडंल बी त्यांना. पर नाव लिहिलं की लोक म्हणणार, कुणाकडं शिकला? मग आमच्या दादांचं नाव यील. मग विचारणार, तीन वर्सं पोरगं समोर बसलं, वर का घेतलं न्हाई?"

यावर मला कांहीं बोलतां आलें नाहीं. मीं टांचण खिशांत ठेविलें.

निघण्यापूर्वीं बाबांनीं नातवाकडून माळ्यावरची पेटी काढविली. टोंकाचा नायलॉनचा गोंडा त्यांना मुळींच पसंत नव्हता. तो त्यांनीं कापून टाकला, एक चामड्याचा तुकडा पाण्यांत बुडवून मांडीवर ओढून मऊ केला, आणि रापीनें त्याची बारीक वादी काढून टोंकांत ओंविली. हात कांपत होता. वादी मात्र सरळ निघाली. पैशांचें नांव काढूं दिलें नाहीं. बैल आहेत काय, एवढें विचारलें. नाहींत म्हणतांच आसूड गुंडाळून माझ्या हातीं दिला.

नातू आम्हांस गाडीपर्यंत पोहोंचवावयास आला. बाबांच्या दृष्टीआड झाल्यावर तो थांबला आणि म्हणाला, "सर, लेख जरूर लिहा. आमच्या गांवाचं नांवहि घालूं नका, एवढंच." मीं बरें म्हटलें. मग त्यानें आसूड मागून घेतला, उलगडून वेणी उजेडांत धरली, आणि आपल्या दोन्ही हातांचीं बोटें हवेंत कांहीं वेळ एकमेकांवरून फिरवून पाहिलीं.